मागच्या खोलीतला सिग्नल

म्हातारीचा आवाज असा, की तिने पुढच्या खोलीतून चहा मागितला तर वरच्या मजल्यावरची बाई आधण ठेवायची. चेष्टा नाही. सत्तावीस वर्षं कापडाच्या गिरणीत मागावर उभी राहिलेली बाई ती. शंभर माग एका छपराखाली खडखडतात तिथं ज्यांचं आयुष्य जातं, त्यांना हळू बोलणं म्हणजे काय ते घरी आल्यावरही उमगत नाही. इमारतीतली पोरं तिला भोंगाआजी म्हणायची. ती रागावल्याचं सोंग करायची आणि आणखी वरच्या पट्टीत ओरडायची. सून लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिले सहा महिने तिला वाटत होतं, सासूबाई आपल्यावर चिडल्यात. मग कळलं, की ही बाई मायासुद्धा ह्याच आवाजात करते.

तरी दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. त्यात लपवायचं काय, घरोघरी मातीच्या चुली. सुनेचा आवाज मऊ, आणि कामही त्या आवाजाचंच. कपडे धुण्याची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत ती फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. ‘आपली अडचण मी समजू शकते’ हे वाक्य दिवसाला साठ वेळा. सासू म्हणायची, “माझी अडचण कधी समजलीस का गं इतक्या गोड आवाजात?” सून म्हणायची, “तुमची अडचण सगळ्या इमारतीला समजते, आई. मी वेगळी काय समजू?”

मग एका सकाळी म्हातारीला झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. उजवा हात शाबूत, डोकं शाबूत, आणि आवाज तर अगदी ठणठणीत. पण खाटेवरून उठायचं म्हटलं की धरायला माणूस हवं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर परक्यांच्या इमारतीत लटकलेला. तेव्हा घरात राहायचं कुणी, तर सुनेनं. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. कॉल मधेच तुटता कामा नये, आणि पलीकडच्या माणसाला घरातला आवाज ऐकू जाता कामा नये. ह्यातलं एक जरी जमलं नाही तर पुन्हा ऑफिसात यायचं. दीड तास जायला, दीड तास यायला, मधे नऊ तास काम. म्हणजे म्हातारीला वृद्धांच्या निवासात ठेवायचं.

मुलगा एकदा तो निवास बघून आला. एका खोलीत चौदा खाटा, दोन सेविका. आल्यावर जेवला नाही. म्हातारीने विचारलं, “कशी आहे रे जागा?”

“स्वच्छ आहे.”

“स्वच्छ तर स्मशानही असतं,” म्हातारी म्हणाली. आणि मग सुनेकडे बघून खालच्या आवाजात म्हणाली, “मला इथंच राहू दे गं. तू सांगशील तशी राहीन.”

सुनेला त्या आवाजाची भीती वाटली. तिने मनाशी ठरवलं, काही झालं तरी ह्या बाईला चौदा खाटांत टाकायची नाही.

आता घर कसं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पुढच्या खोलीत म्हातारीची खाट. इंटरनेटची वायर खिडकीतून आत यायची ती तिथंच, म्हणून वायफायचा डबाही तिथंच, खाटेच्या उशाशी फळीवर. मग अरुंद पॅसेज, त्याच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला न्हाणीघर. आणि शेवटी मागची खोली. घट्ट लागणारं दार असलेली ती एकच खोली, म्हणून सुनेनं टेबल तिथं मांडलं. आणि सिग्नल मात्र तिथं पोचेपर्यंत अर्धमेला व्हायचा.

पहिल्या आठवड्यात अकरा कॉल तुटले. पलीकडची बाई बोलतेय, बोलतेय, आणि मधेच गप्प. सून ‘हॅलो, हॅलो’ करत बसायची. नवऱ्याने कंबर कसली. डबा फळीवरून कपाटावर ठेवला, कपाटावरून खिडकीत. डब्याची शिंगं उभी केली, आडवी केली. कुणीतरी सांगितलं म्हणून मागे चंदेरी कागद लावला, शेजाऱ्याने सांगितलं म्हणून फ्रिज सरकवला. सिग्नल वाढवणारा दुसरा डबा विकत आणून मागच्या खोलीत टेबलाशेजारी लावला, तर त्याचा दिवा लाल तो लालच. वायर आत ओढावी म्हटलं तर घरमालक भिंतीला भोक पाडू देईना, आणि कंपनीच्या लॅपटॉपला वायर खुपसायची जागाच नव्हती. विसाव्या मजल्यावरची अडकलेली लिफ्ट खाली आणणारा माणूस, पण घरातल्या टीचभर डब्यापुढं त्याने हात टेकले. दुसऱ्या आठवड्यात नऊ कॉल तुटले आणि कंपनीची ताकीद आली.

तेव्हा सुनेनं लॅपटॉप उचलला आणि सरळ म्हातारीच्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली. डबा समोरच खिडकीत, सिग्नल भरपूर. राहिला प्रश्न आवाजाचा.

“आई, आता अळीमिळी गुपचिळी,” ती म्हणाली. “कॉल चालू असताना तुमच्या तोंडातून शब्द आला तर माझी नोकरी गेली, नि तुमची खाट गेली.”

म्हातारी हसली. “मला गप्प बसायला शिकवतेस होय? अगं, गिरणीत आम्ही बोलायचो कशानं, तोंडानं? तिथं तोंडाचा काय उपयोग?” आणि तिने उजवा हात वर केला.

गिरणीत मागांच्या गोंगाटात बायका खुणांनी बोलायच्या, हे सुनेला ठाऊकच नव्हतं. अंगठा ओठांकडे नेला की पाणी. करंगळी म्हणजे सांगायला नको. कानाची पाळी धरली की मुकादम आसपास आहे. दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली की धागा तुटला. आणि ह्या सगळ्यावर एक नियम होता. खूण केली की हात वर ठेवून थांबायचं. समोरचीनं बघेपर्यंत थांबायचं. मधेच हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. “एकीनं घाईनं शेजारणीच्या खांद्याला हात लावला होता,” म्हातारी म्हणाली. “ती दचकली. तिची दोन बोटं गेली. तेव्हापासून आमच्यात कुणी घाई केली नाही.”

झालं, घराची गिरणी झाली. सून एकीकडे फोनवर ‘आपली अडचण मी समजू शकते’ म्हणायची आणि दुसरीकडे नजर खाटेवर. म्हातारीचा हात वर गेला की कॉल थांबवून उठायची, पाणी द्यायची, भांडं द्यायची, पाठ वळवायची, आणि परत येऊन गोड आवाजात पुढचं बोलायची. सून बोलता बोलता थांबली की म्हातारीच आधी दोन बोटं वेगळी करून भुवया उंचवायची. नाही तुटला, अशी मान सून हलवायची. पुढं पुढं खुणा वाढल्या. चिडक्या गिऱ्हाइकाची खूण, रडक्या गिऱ्हाइकाची खूण, सुपरवायझर बाई ऐकत असली तर कानाची पाळी. बारा वर्षांत ज्या दोघींचं चहाच्या साखरेवरून पटलं नव्हतं, त्या दोघींना आता दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय करमेना. संध्याकाळी मुलगा घरी यायचा तर ह्या दोघी मुक्यानंच कुणाची तरी टर उडवत असायच्या. सुनेला एकदा वाटलं, सिग्नल असाच अधू राहिला तरी चालेल. तिला ते वाटल्याची लाजही वाटली नाही.

सात आठवडे असे गेले. आणि मग म्हातारी हसली.

झालं असं, की एका माणसाचं मशीन कपडे पिळताना चालायला लागायचं. धडधडत न्हाणीघरातून निघालं आणि बायकोला स्वयंपाकघरात कोंडून दारात जाऊन उभं राहिलं. तो माणूस मेटाकुटीला आलेला. सुनेनं आवाज गंभीर ठेवला, पण हाताने दोन बोटांची चाल करून दाखवली, मशीन कसं ठुमकत गेलं ते, आणि कोंडलेल्या बायकोचं तोंडही करून दाखवलं. म्हातारीला आवरेना. भोंगा वाजला. नेमकी सुपरवायझर बाई तो कॉल ऐकत होती, आणि त्या बिचाऱ्या माणसाला वाटलं, कंपनी आपल्यालाच हसते आहे.

शुक्रवारी पत्र आलं. बंद दाराची स्वतंत्र खोली हवी, तिचा फोटो पाठवा, सोमवारपासून त्याच खोलीतून काम करा. आणखी एक तक्रार आली, कॉल तुटल्याची असो की आवाजाची, की दुसऱ्या दिवसापासून ऑफिस. म्हातारीनं पत्र वाचून घेतलं. “माझ्या तोंडाला आग लागो,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. सून म्हणाली, “चूक माझी आहे, आई. मीच हसवलं.” ते खरंही होतं. पण म्हातारी त्या दिवसापासून कॉल नसतानाही कुजबुजत बोलायला लागली.

शनिवारी कुठून कुठून नंबर मिळवून नवऱ्याने वायफायवाला बोलावला. पन्नाशीचा, जिना चढून दम लागलेला माणूस. तो आधी कशालाच हात लावेना. फोन हातात धरून एकेका खोलीत सावकाश चालला, आकडे बघितले, परत आला. मागच्या खोलीतला लाल दिव्याचा डबा बघून थांबला.

“हा इथं कुणी लावला?”

नवरा छताकडे बघायला लागला.

“साहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ह्याला स्वतःला सिग्नल मिळाला तर हा पुढं देणार ना. जिथं सिग्नल मेलाय तिथं ह्याला बसवलात तुम्ही. जिथं अजून जिवंत आहे तिथं बसवायचा असतो.” मग त्याने न्हाणीघराच्या भिंतीवर टिचकी मारली. “नळ, फरशा, वर पाण्याची टाकी. आणि भिंतीला लागून तुमचं लोखंडी कपाट. पाणी आणि लोखंड, सिग्नलचे दोन सख्खे वैरी. तुम्ही तिकडं फ्रिज हलवत बसलात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.”

दोघांनी मिळून कपाट हलवलं. खिडकीतला मोठा डबा त्याने पुन्हा फळीवर आणला, चंदेरी कागद काढून फेकला, आणि दुसरा डबा पॅसेजच्या तोंडाशी, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या प्लगला लावला. अर्ध्या तासाचं काम. दिवा हिरवा झाला. मागच्या खोलीत दार लावून त्याने फोन बघितला आणि आतूनच सांगितलं, “घ्या ताई, पूर्ण सिग्नल.”

“शाब्बास,” म्हातारी पुढच्या खोलीतून ओरडली, पहिल्यासारखी. आणि लगेच तिने उजव्या हाताने तोंड दाबून धरलं, कॉल चालू नव्हता तरी.

त्या संध्याकाळी घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फक्त, बंद दारातून म्हातारीचा हात दिसणार कसा, हा घोर उरला. मुलगा म्हणाला, “आता सिग्नल आहे तर एक कॅमेराच लावतो खाटेसमोर. पुढच्या रविवारी बसवू.” तोवर काय, तर उशाशी स्टुलावर स्टीलची वाटी आणि चमचा. काही लागलं तर वाजवायची. न्हाणीघर मधे आहे, दार घट्ट आहे, वाटीचा आवाज आत पोचला तरी फोनवर जायचा नाही, असं सुनेनं दोनदा समजावून सांगितलं. अकरा वाजता एक सुट्टी, एक वाजता जेवणाची.

“वाजवाल ना, आई?”

म्हातारीनं मान हलवली. सुनेला तेवढं पुरलं. तिला ते का पुरलं, ह्याचं उत्तर ती पुढं जन्मभर शोधणार होती.

सोमवार, मंगळवार, बुधवार. एक कॉल तुटला नाही. सुपरवायझर बाईनं स्वतःहून कौतुक केलं. सून अकराला बाहेर यायची, एकला बाहेर यायची, म्हातारी खाटेवर पडून दाराकडे बघत असायची. वाटी एकदाही वाजली नाही. “काही लागलंच नाही,” म्हातारी म्हणायची. त्या तीन दिवसांत ती पाणीही कमी पीत होती, हे सुनेच्या ध्यानात आलं, पण उन्हं कमी झालीत म्हणून असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणसाला जे ऐकायचं असतं ते तो स्वतःलाच सांगतो.

गुरुवारी अकराला तिनं विचारलं, “भांडं देऊ का?”

“नको. जा तू, कॉल येतील.”

अकरा ते एक कॉलवर कॉल. शेवटचा पाऊण तास एकाच बाईचा. तिच्या मुलीचा शाळेचा गणवेश मशिनीत अडकलेला, दार उघडेना, दुपारची शाळा. सुनेनं तिला धीर दिला, एकेक बटण सांगितलं, पाणी कसं सोडायचं ते सांगितलं. शेवटी दार उघडलं तेव्हा ती बाई रडायच्या बेतात आली होती. म्हणाली, “तुमच्यासारखं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकत नाही हो.” सून खूश होऊन उठली आणि दार उघडून बाहेर आली.

खाट रिकामी होती. म्हातारी खाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत पडलेली, डावा पाय भलत्याच बाजूला वळलेला, लुगडं ओलं. स्टूल आडवं झालेलं. वाटी आणि चमचा तिने उजव्या हाताने छातीशी घट्ट धरलेले, वाटीत चमचा वाजू नये म्हणून अंगठ्यानं दाबलेला. डोळे उघडे होते. ओठ चावून चावून रक्त आलेलं.

“आई,” सून किंचाळली.

म्हातारीनं वाटी हळूच पोटावर ठेवली, हात मोकळा केला, आणि दोन बोटं जुळवून वेगळी केली. भुवया वर. तुटला?

सुनेला आधी कळेचना. मग कळलं, तशी ती गुडघ्यांवर बसली. “नाही तुटला, आई. एकही नाही तुटला.”

म्हातारीनं डोळे मिटले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दीड तास ती तशी पडून होती, हे हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच सांगितलं, तुटक तुटक. “करंगळी केली मी. दाराकडं. बराच वेळ हात वर धरला. मग ध्यानात आलं, दार बंद आहे, तुला कुठनं दिसणार.” मग तिने स्टुलाला धरून एकटीनं उठायचा प्रयत्न केला होता. स्टूल कललं, वाटी घसरली. “ती मात्र मी वरच्यावर धरली. नाहीतर केवढ्यांदा वाजली असती.”

“वाजू द्यायची होती ना,” सून म्हणाली. “त्यासाठीच ठेवली होती ना, आई. हाक तरी मारायची.”

“हाक मारली असती तर पत्र आलं असतं,” म्हातारी म्हणाली. जणू सून साधं गणित विसरली होती.

ऑपरेशन झालं, पण हाड धड धरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, दोन माणसं हवीत, घरी जमणार नाही. सून म्हणाली, मी नोकरी सोडते. नवरा म्हणाला, सोडलीस तरी दुसरं माणूस कुठून आणणार? तो रागावला नव्हता. बायकोला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. रविवारी त्याने न बसवलेला कॅमेरा खोक्यातून न काढता दुकानात परत दिला. तीन आठवड्यांनी दोघांनी म्हातारीला निवासात नेलं. चौदातली नववी खाट, भिंतीकडची.

सून दर रविवारी जायची. तिसऱ्या रविवारी तिथली सेविका तिला दारातच भेटली. चांगली बाई होती, उगाच नावं ठेवायला नकोत. म्हणाली, “तुमच्या आई फार गुणी हो. चूं नाही की चां नाही. बाकीच्या दिवसभर हाका मारून डोकं उठवतात. ह्यांचा काडीचा त्रास नाही.”

सून आत गेली. तेरा खाटांवरून तेरा तऱ्हेच्या हाका चालल्या होत्या. कुणाला पंखा हवा, कुणाला मुलगा हवा. दुसरी सेविका हाकेसरशी इकडून तिकडं धावत होती, जी ओरडेल तिच्याकडं आधी. आणि नवव्या खाटेवर म्हातारीचा उजवा हात वर होता. अंगठा ओठांकडे. पाणी. किती वेळ वर होता देव जाणे. कोपर दुखायला लागलं की ती तो उशीला टेकवायची आणि पुन्हा वर करायची. सेविका खाटेजवळून दोनदा गेली. तिच्या पदराचा वारा म्हातारीच्या तोंडाला लागला असेल, इतक्या जवळून. म्हातारी तिच्या पाठीकडे बघत राहिली, ती वळेल म्हणून. ओठांना पापुद्रे आले होते.

सुनेला वाटलं, हे मी केलं. दोन डब्यांनी, एका बंद दाराने आणि माझ्या गोड आवाजाने केलं. ती खाटेशी गेली, वाकली आणि म्हणाली, “आई, इथं कुणाचा कॉल चालू नाही. इथं ओरडायचं असतं. ओरडा तुम्ही.”

म्हातारीनं तिला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. पण तोंड उघडलं नाही. सेविकेच्या धावत्या हातांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. तिचं काम चाललंय.

तेव्हा जी बाई बारा वर्षं कुणाशी चढ्या आवाजात बोलली नव्हती, दिवसाला साठ वेळा मऊ बोलून जिने घर सांभाळलं होतं, ती त्या चौदा खाटांच्या मधोमध उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडली. “अहो, इकडं बघा. हात वर आहे त्यांचा. पाणी मागतायत त्या. त्या हाक मारणार नाहीत, मीच शिकवलंय त्यांना तसं. तुम्ही बघायला हवं, कुणीतरी बघायला हवं.”

तेराही म्हाताऱ्या गप्प होऊन नवव्या खाटेकडे बघायला लागल्या. सेविका हातातलं भांडं घेऊन जागच्या जागी थांबली. आणि म्हातारीनं घाबरून चटकन हात खाली घेतला, चादरीखाली लपवला आणि डोळे गच्च मिटून घेतले.